कललेलं पाणी

चांदवती नदी त्या दुपारी एका अंगावर कलली होती. कुरणवाडीच्या काठाला पाणी चौदा सेंटीमीटर वर, माळाच्या काठाला मात्र होतं तिथेच. शैलजा भोकरेने आधी चष्मा काढून ओढणीला पुसला आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. चित्र होतं तसंच होतं. ताट तिरकं धरल्यावर आमटी एका कडेला जाते, तशी नदी एका कडेला गेलेली. खरं तर ताट कितीही तिरकं धरा, आमटी आपली सपाटच राहते. तिरकं असतं ते ताट. पण एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात यायला अजून वीस मिनिटं लागायची होती, आणि त्या वीस मिनिटांत आणखी एक बस आणि सहा ट्रॅक्टर भरून माणसं पुलावरून जायची होती.

दीड वाजता भोंगा झाला होता. पाच वाजेपर्यंत कुरणवाडीत पाणी शिरणार, तेही कमरेच्या वर, असा यंत्राचा अंदाज होता. वाडी सखल, माळ उंच, आणि दोन्हींच्या मधे सात खांबांचा एकच जुना पूल. वाडीच्या मागच्या अंगाला ओढा तुंबलेला, त्यामुळे बाहेर पडायची वाट तेवढीच. माळाच्या टोकाला, पुलाला लागून, निरीक्षण केंद्राची वरच्या मजल्यावरची खोली होती. तिच्या खिडकीतून शैलजाला सगळं दिसत होतं: गाद्या, गॅसच्या टाक्या, शेळ्या, प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेतलेल्या बायका. तिचा नवरा यशवंत एसटीवर चालक होता आणि भोंगा झाल्यापासून वाडीच्या माणसांच्या फेऱ्या मारत होता. दुसरी फेरी उतरवून मघाशीच तो परत गेला होता, जाताना खिडकीखाली त्याने हॉर्न वाजवला होता.

त्या यंत्राचं सरकारी कागदांतलं नाव ओळभर लांब होतं. गावात त्याला सगळे ‘कॅमेरा’ म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. दोन्ही काठांवरच्या उंच खांबांवर मिळून सहा कॅमेरे होते आणि ते एकाच क्षणी नदीचा फोटो काढत, सेकंदाला वीस वेळा. डोळ्यांसमोर अंगठा धरून आधी एक डोळा मिटला आणि मग दुसरा, तर अंगठा जागचा हलल्यासारखा वाटतो. किती हलला त्यावरून तो किती लांब आहे ते काढता येतं. फेसाचा एकच बुडबुडा दोन कॅमेऱ्यांना दोन जागी दिसतो, आणि यंत्र त्यातून त्याची उंची काढतं. अडचण असते ती पाण्याचीच. ते चकाकतं, आरपार दिसतं, आणि नजर धरून ठेवायला त्याच्यावर काही नसतं. म्हणून उन्हाळ्यातल्या चाचणीला शैलजा पुलावरून पोतं पोतं लाह्या सोडायची आणि माशांची चंगळ व्हायची. पुरात मात्र फेस, पाचट आणि काटक्या फुकट मिळतात. असे लाखभर ठिपके जोडले की वाहत्या नदीची आख्खी कातडी उंचवट्या-खळग्यांसकट पडद्यावर उमटते. तिच्या उतारावरून आणि वेगावरून किती पाणी येतंय आणि किती येणार, हे यंत्र कुणाही माणसाच्या आधी सांगतं.

पण या सगळ्याला एक टेकू लागतो. कॅमेऱ्यांचे खांब वाऱ्याने डुलतात, म्हणून यंत्र दर मिनिटाला काही ठराविक खुणांकडे बघून स्वतःला सावरून घेतं. ताटाएवढं काळं वर्तुळ, आत दोन पांढऱ्या पाकळ्या. त्यांची उंची मोजणीवाल्यांनी एकदा ठरवून दिलेली असते. जगात सगळं हलेल, या खुणा हलणार नाहीत, एवढं एकच यंत्र डोळे झाकून मानतं.

शैलजाने फोन उचलला आणि शहरातल्या मुख्य केंद्रात पेठे सरांना लावला.

“सर, आमची नदी तिरकी दिसतेय.”

“वळण आहे ना तुमच्याकडे? वळणावर पाणी बाहेरच्या काठाला उचलतंच, भोकरे मॅडम. पहिल्या वर्षाचा धडा आहे हा.”

“बाहेरचा काठ माळाचा आहे सर. पाणी वाडीच्या बाजूला उचललंय. आतल्या बाजूला.”

पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज आला. “मग ओढ्याचं पाणी त्या अंगाने घुसत असेल.”

“आणि नदीच्या वरच्या अंगाच्या केंद्रावर सकाळपासून पाणी वाढलेलं नाही. तिथे आहे तेवढंच आहे, आणि आमच्याकडे ताशी नऊ सेंटीमीटर चढतंय.”

“म्हणजे ओढाच. मॅडम, अंदाज बरोबर येतोय, लोक निघालेत, सगळं कसं घड्याळासारखं चाललंय. तुम्ही आता मशीनला हात लावू नका.”

पेठे सर वाईट माणूस नव्हते. मशीनला हात लावू नका, हे वाक्य पाच वर्षांपूर्वी शैलजानेच गावाला पाठ करायला लावलं होतं.

तेव्हा, दोन हजार चौतीस सालच्या महापुरात, यंत्र नवीन होतं. त्याने चार तास आधी इशारा दिला आणि वाडीने तो हसण्यावारी नेला. यशवंतही हसला होता. “माझ्या बापानं साठ पावसाळे बघितलेत, तुझ्या कॅमेऱ्यानं एक तरी बघितलाय का?” असं तो तिला म्हणाला होता. संध्याकाळी गोठ्यातल्या म्हशी सोडायला गेलेले त्याचे वडील, अप्पा, पाण्याने भिंतीशी दाबून धरले ते सुटलेच नाहीत. वाडीतली एकतीस माणसं गेली. तेराव्या दिवशी शैलजाने नवऱ्याला अप्पांच्या फोटोवर हात ठेवायला लावला. यंत्राचा शब्द पुन्हा कधी मोडायचा नाही, अशी शपथ घ्यायला लावली. त्याने ती घेतली आणि पाळली. कॅमेरा ‘थांब’ म्हणाला की कोरड्या पुलावरही यशवंत भोकरे बस उभी करायचा, मागून कुणी कितीही शिव्या देवोत.

सासूबाईंनी, हौसाबाईंनी, दुसरीच वाट धरली. वाडीच्या घाटाजवळ काळ्या खडकावर यंत्राची एक खूण रंगवलेली होती. सगळं वाहून गेलं तरी ती जागची हलली नव्हती. “हिनं बघितलं हुतं गं पाणी येताना,” हौसाबाई म्हणाल्या, “हिनं हाक मारली हुती. आमी आयकली न्हाई.” आणि त्यांनी त्या वर्तुळाला हळद-कुंकू वाहिलं. मग कुणी शेंदूर लावला, कुणी चांदीचे डोळे बसवले, खाली हनुवटी रंगवली, वर पत्र्याची शेड घातली. वर्षभरात ती डोळाई झाली आणि मंगळवारी नारळ फुटू लागले. पलीकडच्या काठावरच्या खुणेचीही तीच गत. देवीचं ठाणं झालं ते ठीकच होतं, पण शेंदराने भरलेली खूण कॅमेऱ्याला दिसेना. शैलजाने दोनदा घासून रंगवली, दोनदा पुन्हा शेंदूर लागला. तिसऱ्या वेळी समोर ब्रश घेऊन ती, आणि ताम्हन घेऊन तिची सासू. सासूच्या डोळ्यांत पाणी बघून हिचा हात काही उचलला नाही. मग एके दिवशी तिने होडी केली आणि जिथे कुणाचाच हात पोचणार नाही अशा जागी चार खुणा रंगवल्या: दोन पुलाच्या, वाडीकडून मोजत, तिसऱ्या खांबावर, दोन सहाव्यावर. वरिष्ठांना विचारलं तर हजार कागद मागतील, म्हणून विचारलं नाही. नोंदवहीत लिहायचंही उद्यावर टाकलं, आणि त्या उद्याला अकरा महिने झाले.

आता पडद्यावरच्या तिरक्या नदीकडे बघता बघता तिला ताट आठवलं. पाणी तिरकं होत नाही. एवढ्या रुंदीत, एवढ्या कमी वेळात, वळणाच्या उलट तर नाहीच नाही. मग तिरकं काय झालंय?

तिने तिसऱ्या खांबाच्या खुणा यंत्रातून काढून टाकल्या आणि फक्त सहाव्यावरच्या धरल्या. पडद्यावरची नदी एकदा थरथरली आणि सपाट झाली. सकाळी आठला जेवढं पाणी होतं, आत्ताही तेवढंच दिसत होतं.

पाणी चढलंच नव्हतं. पूल उतरत होता.

खांबाला आपटलेलं पाणी खाली मुसंडी मारतं आणि पायाजवळची वाळू उकरून नेतं. पूर वर दिसतो, खड्डा खाली पडतो. तीन दिवस पडद्यावर तिसऱ्या खांबाशेजारी एक खळगा दिसत होता आणि तिने त्याला भोवरा समजून सोडून दिलं होतं. सकाळी डबा घेताना यशवंत म्हणाला होता, “तिसऱ्या खांबावर सांधा लई दणका द्यायलाय बघ, बांधकामवाल्यांना कळव.” पावसाळा सरल्यावर कळवू, म्हणाली होती ती. खांब बोट बोट खचत होता, त्याच्यावरची खूण त्याच्याबरोबर खाली जात होती, आणि खूण हलत नाही असं मानणाऱ्या यंत्राला पाणी वर आल्यासारखं दिसत होतं. जितका खांब जास्त खचे, तितका यंत्राला पूर मोठा वाटे. आणि पूर मोठा म्हणून ते तीन हजार माणसांना त्याच खांबावरून चालवत होतं.

पण एका खांबाच्या खुणांवर सगळा हिशेब टाकणं धोक्याचं होतं. सहावाच खांब काही कारणाने वर उचलला असेल तर? पुलाच्या बाहेरचा एखादा भरवशाचा डोळा हवा होता. घाटाला तारेचं कुंपण घातल्यापासून नदीजवळ कुणी जात नव्हतं. कॅमेरा बघतोय म्हटल्यावर कशाला कोण जाईल? एकच बाई जात होती. शैलजाने सासूबाईंना फोन लावला.

“आत्ती, कुठं आहात तुम्ही?”

“कुठं असणार? डोळाईपाशी. तुमच्या भोंग्यानं वाडी रिकामी व्हायला लागली, हिच्यापाशी कुणीतरी नको व्हय?” हौसाबाईंच्या आवाजामागे पाण्याची घरघर होती.

“पाणी कुठवर आलंय तिच्या?”

“हनुवटीला.”

“सकाळी कुठं होतं?”

“सकाळी दिवा लावाय आले तवाबी हनुवटीलाच टेकलं हुतं. उलट बोटभर उतरलंया बग. शेंदरावर वल दिसतीया.”

“आत्ती, नीट बघा. पाया पडते तुमच्या, वाकून बघा, पण धरून उभ्या राहा.”

“अगं, बघूनच सांगायलीया की. तुझा आवाज का गं असा येतुया?”

खडक म्हणजे खडक, तो खचत नाही. शैलजाने कपाळावरचा घाम पुसला. “आत्ती, तिथून वर जा. शाळेपाशी जा. आणि काय वाटेल ते झालं तरी पुलावर पाय ठेवू नका.”

“भोंगा तर म्हनतुया पुलावर जा.”

“भोंगा काय म्हणायचं ते म्हणू दे. मी सांगते, जाऊ नका.”

पेठे सरांना तिने सगळं सांगितलं, एका दमात, खुणा हलवल्याचंसुद्धा. अकरा महिने पोटात दाबून ठेवलेलं तोंडातून बाहेर पडताना तिला लाज वाटली नाही, इतकी ती घाबरली होती.

“तुम्ही खुणा खांबावर घेतल्या?” पेठेंचा आवाज चिरका झाला. “कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही. सर, ते नंतर. पुलाच्या दोन्ही टोकांची फाटकं बंद करायची आज्ञा तुमच्याकडून जाते. द्या ती.”

“कशाच्या आधारावर? एका आजीबाईंनी शेंदरावरची ओल बघितली म्हणून? मॅडम, समजा तुमचं चुकलं. तीन हजार माणसं आपण खाली अडकवून ठेवली आणि पाच वाजता पाणी शिरलं. पुन्हा चौतीस साल करायचंय का तुम्हाला?”

पेठे चुकीचं काही विचारत नव्हते. “मला लेखी पाठवा,” ते म्हणाले, “मी वर बोलतो.” तिने खिडकीतून बघितलं. यशवंतची बस वाडीच्या टोकाला तिसऱ्या फेरीसाठी भरत होती. लेखी लिहायचं, ते वर जायचं, वरून खाली यायचं.

खोलीच्या कोपऱ्यात विजेची पेटी होती. यंत्राची वीज गेली, बॅटरीही तुटली आणि ते आंधळं झालं, तर पुलाची दोन्ही फाटकं आपोआप खाली पडतात, अशी त्याची रचना होती. शैलजाने पेटी उघडली आणि दोन्ही खटके खाली ओढले. पडदे काळे झाले. पाच वर्षांत पहिल्यांदाच चांदवतीकडे कुणी बघत नव्हतं.

फाटकं पडली. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग पुलावरून हॉर्नचा एकच गलका उठला आणि तिने खिडकीतून वाकून बघितलं. माळाच्या फाटकाशी ट्रॅक्टर अडले होते, त्यांच्यामागे टेम्पो, त्यांच्यामागे आणखी ट्रॅक्टर. फाटक पडायच्या आधी यशवंतची बसही पुलावर शिरली होती आणि रांगेच्या शेपटाला उभी होती. तिने सगळं ओझं थांबवलं होतं खरं, पण ऐन पुलावर.

ती जिन्यावरून कशी उतरली ते तिला कळलं नाही. पाऊस तोंडावर मारत होता. फाटकावर एक हवालदार होता, तांबवेकर नावाचा, त्याच्या अंगावर माणसं धावून जात होती. “फाटक उचला!” ती ओरडली. “हातानं फिरवा ते चाक!”

“मॅडम, तुम्हीच तर पाडलंसा की!”

“मीच पाडलं, आता मीच सांगते, उचला!”

दोघांनी मिळून गंजकं चाक फिरवलं. फाटक वर गेलं आणि ट्रॅक्टर धडधडत माळावर निघाले. एक, दोन, पाच. नेमक्या त्याच वेळी सगळ्यांच्या खिशांतले फोन एकदम वाजले. यंत्र आंधळं झालं तरी शहरातलं केंद्र त्याच्या शेवटच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधतच होतं: ‘चांदवतीचे पाणी वाढत आहे. कुरणवाडीतील नागरिकांनी त्वरित पूल ओलांडावा.’ शैलजाने फाटक उचललं होतं आणि बसच्या पुढचा रस्ता मोकळा होत होता. यशवंत आता निघणार. तो संदेश वाचणार आणि निघणार.

तिने फोन लावला. एकदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला.

“आलोच, रस्ता झाला बग मोकळा,” यशवंत म्हणाला.

“येऊ नका! आहे तिथं थांबा! कुठं आहे बस?”

“दुसऱ्या खांबावर. का गं?”

“तिसरा खचलाय. पुढं यायचं नाही. सगळ्यांना उतरवा आणि चालत मागं न्या. वाडीकडं.”

“मागं?” तो थांबला. बसमधल्या बायकांचा, पोरांचा कलकलाट फोनमधून येत होता. “मागं पाणी यायलंय, शैला. आत्ताच मेसेज आला की.”

“पाणी येत नाही. मशीन चुकलंय.”

“मशीन काय म्हणतंय?”

“मशीन म्हणतंय पुढं या.”

“आनि तू?”

“मी म्हणते मागं जा.”

वायपरचा करकर आवाज तेवढा येत होता. “अप्पांच्या फोटोवर हात ठेवाय लावलातास तू मला,” तो अखेर म्हणाला. “इसरलीस?”

“नाही विसरले. मीच लावला आणि आता मीच सांगते, मोडा ती शपथ.”

“आनि तू चुकलीस तर?”

खोटं बोलून त्याला धीर देता आला असता. संसारात ती काही पहिल्यांदा खोटं बोलली नसती. “मी चुकले तर वाडीतली माणसं बुडतील,” ती म्हणाली. “तुम्हीसुद्धा. आत्तीसुद्धा.”

फोन बंद झाला नाही. यशवंतने तो तसाच खिशात टाकला असावा, कारण पुढचं सगळं तिला कापडाआडून ऐकू आलं: दार उघडल्याचा आवाज, आणि मग नवऱ्याचा बसस्थानकावरचा ठेवणीतला आवाज. “उतरा! समद्यांनी खाली उतरा! सामान ऱ्हाऊ दे. पळू नका, मागं चाला.” कुणीतरी त्याला शिवी दिली. कुणी म्हणालं, पुढंच जाऊ, माळ दिसतोय की समोर. “जो म्होरं जाईल त्याच्या तंगड्या मोडीन,” यशवंत म्हणाला. एक म्हातारी रडत होती आणि गाठोडं सोडायला तयार नव्हती. “मावशे, दे हिकडं, मी घेतो,” तो म्हणाला. नंतर पावसाशिवाय काही ऐकू आलं नाही आणि मग फोन तुटला.

माळाच्या बाजूने शेवटचा टेम्पो उतरला. तांबवेकर शैलजाशेजारी येऊन उभा राहिला. “पूल तर धड दिसतुया की, मॅडम,” तो म्हणाला. तिलाही धड दिसत होता. तिच्या मनात आलं, हा जर नाही पडला, तर? पाच वाजले, पूल जागच्या जागी उभा आणि वाडीत पाणी, तर? देवा, पाड हा पूल, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिची तिलाच शिसारी आली.

पूल पडला तो शिंक यायला लागते तेवढ्या वेळात. तिसरा खांब उगमाकडे वाकला, एखादा माणूस काही उचलायला वाकावा तसा. त्याच्या दोन्ही बाजूंचे, खांबाखांबांमधले गाळे सुटले. यशवंतची बस नाकावर कलली, पुढे घसरली आणि पाण्यात गेली. आवाज नंतर आला. मग नुसता तुषारांचा आणि धुळीचा लोट, आणि पलीकडचं काही दिसेना.

तिने फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. बसमधून सगळे उतरले होते का? तो त्या म्हातारीचं गाठोडं घेऊन मागे राहिला होता का? शेवटी उतरणारा माणूस तोच असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण रिकामी बससुद्धा तो चार वेळा मागे वळून बघितल्याशिवाय सोडत नसे. तांबवेकरने टोपी काढून हातात घेतली होती. “घाला ती टोपी!” ती त्याच्यावर खेकसली. त्याने मुकाट्याने घातली.

अकरा मिनिटांनी फोन वाजला.

“सगळी हायत,” यशवंत म्हणाला. त्याला धाप लागली होती. “चौपन्नच्या चौपन्न. आई बी आलीया हितं, शाळेपाशी.”

ती रस्त्यातच खाली बसली. रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

“शैला, रडू नको. आयक. वाडीत अजून दोन हजारावर माणसं हायत. पूल गेला, ओढा तुंबलाय. आता हितनं कुठं जायचं म्हटलं तर वाट न्हाई. तेवढं सांग, पाणी चढंल का?”

शैलजा उठून कठड्याशी गेली. तिला शिकवलेलं सगळं आठवत होतं. पडलेले गाळे आता नदीत आडवे झाले होते. त्यांना झाडं अडणार, पाचट अडणार, आणि अडलेलं पाणी मागे फुगणार. वाडी पुलाच्या वरच्याच अंगाला होती. किती फुगेल? चार बोटं की चार हात? हे सांगू शकणारं यंत्र तिने हाताने बंद केलं होतं. खटके पुन्हा वर केले असते तरी उपयोग नव्हता, तिसऱ्या खांबावरच्या खुणा नदीच्या तळाशी गेल्या होत्या आणि सहावा खांब आता किती हलला असेल कोण जाणे. तिने नुसत्या डोळ्यांनी पाण्याकडे बघितलं. पाच वर्षं ही नदी तिने मिलिमीटरात मोजली होती. समोर गढूळ, फुगलेलं, पळतं पाणी होतं आणि ते चढतंय की उतरतंय हे तिला कळत नव्हतं.

“सांग की,” यशवंत म्हणाला. “तू म्हणशील ते करतो. समदी थांबलीत हितं.”

“मला माहीत नाही.”

“म्हंजे?”

“म्हणजे कळत नाही मला. खरंच कळत नाही हो.”

तिला वाटलं तो चिडेल. त्याने फोन कानापासून बाजूला घेतल्याचं तिला जाणवलं आणि मग लांबून त्याचा आवाज आला, “तिला ठावं न्हाई म्हणती.” आता शिव्या येतील म्हणून ती थांबली. पण पलीकडे कुणीच काही बोललं नाही. एवढी माणसं एका जागी असून इतकी गप्प तिने कधी ऐकली नव्हती.

पाऊस जरा उघडला तेव्हा पलीकडचा काठ दिसू लागला. तारेचं कुंपण कुणीतरी उपटून टाकलं होतं. वाडीची माणसं काठाने लांबवर पांगून उभी होती, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, काठीवर वाकलेले म्हातारे. जो तो आपल्या पायापुढचा एखादा दगड खूण धरून पाण्याच्या कडेकडे बघत होता. शैलजा इकडच्या काठाने खाली उतरली, पाण्यालगतच्या एका दगडापाशी जाऊन उभी राहिली, आणि मग तिला पापणी मिटायचीही भीती वाटू लागली.